दोन-सहाची बांगडी

कुलसुमबीनं आयुष्यात कधी बांगडीचं माप पट्टीनं घेतलं नाही. समोर बसलेल्या बाईचा हात ती आपल्या डाव्या हातात घेते, अंगठा तळव्यात दुमडते, चारी बोटं जवळ आणते आणि हलकेच दाबते. दाबताना तिची नजर रस्त्यावर असते आणि तोंडानं पोराबाळांची चौकशी चाललेली असते. मग मागं वळून, न पाहता, पेटीतून जो डझन काढते तोच बसतो. लहान माप दोन-चार, मधलं दोन-सहा, मोठं दोन-आठ. मूर्तिजापुरातल्या तीन पिढ्यांचे हात तिला असे पाठ आहेत. कुणाचं मनगट आईवर गेलं, कुणाची करंगळी लहानपणी दारात सापडली, कोण घरून रडून आली आहे, हे सगळं तिला हातच सांगतो. नव्या नवरीनं भिऊन हात आखडला की ती गुणगुणते:

हात दे माह्या हाती, नको करू त्याले ताठ,
बांगडी जाते तशी, जशी पान्याले ठावी वाट.

आणि बांगडी जाते.

तिची लेक रुबीना अमरावतीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचंही काम मापाचंच. पण ते आईला समजावून सांगायला तिला दोन ईद लागल्या.

"रक्तात शिपाई असतात, अम्मी. गुलेलीसारखे दिसतात. वर दोन फांद्या, खाली एक दांडी. त्या दांडीला साखरेची बारीक माळ असते."

"साखर? मंजे शुगरची बिमारी?"

"ती वेगळी. ही माळ डोळ्यांना दिसतही नाही. तिच्या टोकाला एक मणी असतो. दुधात जी साखर असते ना, तिच्यातलाच. तो मणी जागेवर असला की शिपाई निवांत राहतो. मणी गळाले की चेकाळतो, आपल्याच घरात दगड मारत सुटतो. सांध्यात. मग बोटं सुजतात."

"अन् तू ते मनी मोजतं."

"हो."

"कोनाचे?"

"बावीस जणींचे. ज्यांना संधिवात आहे आणि आता दिवस गेलेत, अशांचे. बाळ पोटात असलं की ते मणी परत येतात. दुखणं कमी होतं. बाळंतपणानंतर पुन्हा गळतात. आपल्याकडच्या बायांमध्ये किती येतात, कधी येतात, ते मोजायचं आहे."

कुलसुमबीनं डझनभर बांगड्या दोऱ्यात ओवल्या. मग म्हणाली, "हौ. लेकरू येते तं आपली साखर घेऊनच येते."

रुबीनाला वाटलं, प्रबंधाच्या पहिल्या पानावर हेच लिहावं.

मणी मोजायची एक भारी रीत आहे. माळ मुळापासून कापून काढायची, तिला चमकणारा रंग लावायचा आणि एका लांब, बारीक नळीतून सोडायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला प्रत्येक माळ आपापल्या वेळेला बाहेर पडते, जत्रेतून घरी परतणाऱ्या बायांसारखी. हलकी आधी, जड मागून. पण ते यंत्र दूरच्या मोठ्या शहरात, आणि रुबीनाच्या वाट्याला त्याची वेळ वर्षातून एकदाच येणार होती. अमरावतीत तिच्याकडे होती एरंडी.

एरंडीच्या बीमध्ये एक प्रथिन असतं. विषारी भाग बाजूला काढून ते इवल्याशा बाटलीत विकत मिळतं. या प्रथिनाला दोन मुठी आणि एकच वेड. तो दुधातल्या साखरेचा मणी दिसला की घट्ट धरायचा. शहाण्णव खळग्यांची एक पारदर्शक प्लेट असते, हातात मावेल एवढी. प्रत्येक खळग्यात एकेकीच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी, म्हणजे तेच शिपाई, सारख्याच मापानं ठेवायच्या, गरम करून उलगडायच्या, कारण साखर आत दडलेली असते. खळग्यात उरलेली मोकळी जागा दुसऱ्या कशानं तरी झाकायची, नाहीतर एरंडी तिथंही चिकटेल. मग एरंडी सोडायची. ती मण्यांना धरून बसली की शेवटी एक पाणी टाकायचं. जिथं एरंडी, तिथं निळा रंग. जितके मणी, तितका गडद.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रुबीना अकोल्याला जाई. तिथल्या दवाखान्यात सांध्यांच्या डॉक्टरांकडे या बावीसजणी तपासणीला येत. तिसऱ्या महिन्यात एकदा, सातव्या महिन्यात एकदा रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि पॅसेंजर गाडीनं अमरावतीला आणायचं. रक्ताच्या नळीवर नाव नसे, नंबर असे. पण सतरा नंबर कोण, हे विसरणं रुबीनाला शक्य नव्हतं. सतरा नंबर माया होती, मूर्तिजापूरची, त्यांच्याच गल्लीपलीकडची.

मायाच्या लग्नात कुलसुमबीनंच चुडा भरला होता. दोन-चारचा. पुढच्याच वर्षी मायाची बोटं मुळाशी सुजायला लागली. शाळेत शिकवत होती, खडू धरवेना म्हणून नोकरी सुटली. दोन-चारची बांगडी दोन-सहावर गेली, दोन-सहाची दोन-आठवर. दोन वर्षांमागं नागपंचमीला दोन-आठही बोटांच्या गाठींवर अडली, मायाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कुलसुमबी बांगडी तशीच पेटीत ठेवून उठली. असं तिच्या हातून पहिल्यांदा झालं होतं.

त्या सातव्या महिन्याच्या मंगळवारी मायासोबत तिची सासू चतुराबाई आली होती. उंच, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला. दवाखान्याच्या बाकावर बसली आणि शेजारच्या अनोळखी बाईला, रुबीनाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायला लागली.

"पाच वर्षं झाले, घागर मीच भरून राहिलो. सुनबाईचं काय तं, सकाळी बोटंच उघडत नाईत! आमी दोघं बुढा-बुढी चहा करून इच्या हाती द्याव. अन् आता पाय बाप्पा! परवा पोट घेऊन दोन किलोचे पापड लाटले इनं. हासून हासून लाटले."

"आई, आता नाही दुखत तर काय रडू का मी?" माया म्हणाली.

"तेच म्हनतो ना मी. आता नाई दुखत." चतुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंजे तवाबी..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्याची गरजच नव्हती. रांगेतल्या दोघी-तिघींनी मायाच्या हातांकडे पाहिलं. गोरे, बारीक, कुठंही सूज नसलेले हात. मायानं ते ओढणीखाली घेतले.

आत रक्त काढताना मायानं हळूच विचारलं, "रुबीनाताई, तुमच्या त्या तपासात दिसते का हो?"

"काय?"

"हेच. का मी खोटं नाही बोलली." ती सुईकडे न पाहता भिंतीकडे पाहत होती. "माझा नवरा, अनुप, काही म्हणत नाही. पण परवा पापड वाळत घालताना तोही माझ्या हाताकडे पाहून राहिला होता. त्याच्या मनात आलंच असंन ना. मलेच वाटते आता कधी कधी, खरंच दुखत होतं का माझं?"

संमतीच्या कागदावर एक ओळ होती: स्वतःचा निकाल कळवावा काय? बहुतेकींनी ती कोरी सोडली होती. मायानं तिथं एवढ्या जोरानं बरोबरची खूण केली होती की कागदाला भोक पडलं होतं.

रुबीनानं सांगायला हवं होतं की एकेकीच्या निकालातून असं काही सिद्ध होईलच असं नाही, बावीसजणींचा मिळून अर्थ लावायचा असतो. तिनं ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "दिसेल."

त्या दिवशी गाडी वाटेत दीड तास उभी राहिली. रुबीना बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि तो एक शब्द बर्फापेक्षा जड झाला होता.

रमजानचा दुसरा आठवडा होता. प्लेट लावली त्या दिवशी रुबीनाचा रोजा होता, बाहेर मार्च तापायला लागला होता आणि दुपारपासून तिचं डोकं ठणकत होतं. सातव्या महिन्याचे सात नमुने तयार झाले होते, सतरा नंबरही त्यांत होता. सोबत रोजचे दोन ओळखीचे नमुने, ज्यांचा रंग किती यायला हवा हे आधीच ठाऊक असतं. शेवटचं पाणी टाकून ती घड्याळाकडे पाहत राहिली. पाच मिनिटं. दहा.

प्लेट फिकी. सगळीच. तिसऱ्या महिन्याच्या प्लेटवर पावसाळ्यातल्या आभाळासारखे निळे खळगे होते. इथं निळीचं कापड तीनदा खंगाळल्यावर उरतं तसलं पाणी. सतरा नंबरही तसाच. ओळखीचे दोन नमुनेही तसेच.

"ही प्लेट बाद," वानखडे मॅडम म्हणाल्या. त्या रुबीनाच्या मार्गदर्शक. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी प्लेट उजेडात धरली. "ओळखीचे नमुनेच चुकलेत. हिच्यावरून काही म्हणता येत नाही."

"बर्फ वितळला होता मॅडम. गाडी थांबली होती ना. नमुनेच खराब झाले असतील."

"दीड तासानं अँटिबॉडीची साखर गळत नाही गं. आणि ओळखीचे नमुने तर इथंच फ्रीजमध्ये होते, ते कुठल्या गाडीत बसले होते?" त्या थोडं हसल्या, मग गंभीर झाल्या. "शुद्ध केलेलं सँपल किती उरलंय?"

"एका वेळेपुरतं."

"मग कारण सापडल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. सातवा महिना परत यायचा नाही."

रुबीनानं चार दिवस कारण शोधलं. एरंडीची बाटली जुनी झाली का? नाही, तारीख नीट होती. रंग मोजणाऱ्या यंत्राचा दिवा? नीट. तिला मनातून एक भलतीच भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. ओळखीचे नमुनेही काही कारणानं बिघडले असतील, पण सतरा नंबरचा रंग खरंच तेवढाच असेल तर? मणी आलेच नसतील तर? मग माया त्या बाकावर कायमची बसून राहील, हात ओढणीखाली घेऊन.

रविवारी ती मूर्तिजापूरला गेली. कुलसुमबी अंगणात सतरंजीवर पेटी लावत होती. घरात दोघी उर्दूत बोलत, पण धंद्याची गोष्ट निघाली की आई आपोआप वऱ्हाडीवर येई.

"काल मायाच्या घरी गेलती मी," ती म्हणाली. "ईद झाली की तिचं डोहाळजेवन हाय. माप घ्याले बलावलं होतं चतुराबाईनं."

रुबीनाचा हात पेटीवरच थांबला. "मग?"

"मी तं पेटीतून आधी दोन-आठच काढून ठेवली होती. दहा असती तं दहा काढली असती. पोटुशी बाईचा हात सुजतेच, चांगल्या बाईचाबी एक माप वाढते. तिचा हात हातात घेतला, दाबला, अन् म्हनलं, हा हात कोनाचा हाय? गाठ नाई, आग नाई. नरम, कसा आंब्याच्या पानासारखा. दोन-सहा गेली, रुबी! हसत गेली."

"पण अम्मी, माझी प्लेट तर नाही म्हणते."

"काय म्हनते?"

"की काही बदललं नाही. रंगच आला नाही. कुणाचाच."

कुलसुमबीनं पेटीचं झाकण लावलं. "कोनाचाच नाई? सात जनींच्या हातात बांगडी नाई गेली?"

"हं."

"मंग हाताचा दोष नाई बेटा. तुह्या बोटाले काईतरी लागलं असन." आणि रुबीना काही बोलायच्या आत ती सांगायला लागली. "तू लहान होतीस. नत्थुजीच्या नातीचं लगन. पोरगी दोन-चारची, मले दिसून राहिलं होतं. पन बांगडी जाईना. मी ओढतो, पोरगी ओरडते. मी म्हनलं, पोरीचा हातच आडदांड हाय. सगळ्यांच्यासमोर म्हनलं. पोरगी रडली. घरी येऊन पायतो तं काय, माह्याच बोटाले चीक! सकाळी कच्च्या केळाची भाजी चिरली होती. हात धुतले होते, पन चीक काय पान्यानं जाते? बांगडी माह्याच बोटाले धरून बसली होती, अन् नाव मी तिच्या हाताले ठेवलं." तिनं आपली बोटं रुबीनासमोर धरली. "तवापासून कोनाच्याबी हाताले हात लावाच्या आधी मी आपलेच हात निरखून पायतो. तू पायले का?"

सोमवारी सकाळी रुबीना प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोहोचली. तिनं बाद झालेल्या प्लेटचे आकडे पुन्हा काढले. आजवर तिनं नमुन्यांचेच खळगे पाहिले होते. आता तिनं कडेचे रिकामे खळगे पाहिले, ज्यांत कुणाचंच रक्त नव्हतं, काहीच नव्हतं. तिथं रंग यायला नको होता.

तिथंही तोच रंग होता. फिका, पण होता.

म्हणजे एरंडी रिकाम्या खळग्यातही काहीतरी धरून बसली होती. काहीतरी, जे सगळीकडे सारखं पसरलं होतं. कच्च्या केळाच्या चिकासारखं.

ती विचारात बुडालेली असताना देवमन आला. देवमन प्रयोगशाळेचा जुना शिपाई. काचेची भांडी तोच धुई, चहाही तोच करी, आणि या दोन कामांतलं मोठं कोणतं याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"मॅडम, एक सांगा," तो कपाट उघडून म्हणाला, "तुमी तं चहा घेऊन नाई राहिल्या. रोजा हाय. मंग दूध पावडरचं पाकीट कोनं खाल्लं? नवं होतं. मी सुट्टीवरून येतो तं अर्धं!"

"मला काय माहीत देवमनमामा. अंकुरला विचारा."

"इचारलं. तो म्हनते मी चहात नाई टाकली. चहात नाई टाकली तं काय तोंडाले लावली?"

रुबीना हसली. आणि हसता हसता तिचं हसू थांबलं.

अंकुर शेजारच्या टेबलावर डेंग्यूच्या प्लेट लावत असे. दोघं एकाच वर्षी इथं आले होते. तो दारातून आत येताच रुबीनानं विचारलं, "अंकुर, त्या दिवशी मी नमाजावरून आले तेव्हा प्लेट झाकून तयार होती. डोकं ठणकत होतं, मला वाटलं मीच झाकून गेले होते. तू हात लावला होतास का?"

अंकुरनं बॅग खाली ठेवली. त्याचा चेहरा चोरी सापडलेल्यासारखा नव्हता, उलट थोडा लाजलेला होता. "अगं हो. सांगायचंच राहिलं. तू नमाजाला गेली होतीस ना दुपारी, डोळे असे खोल गेले होते तुझे. म्हटलं, मधली दोन कामं आपण उरकून टाकू, म्हणजे इफ्तारच्या आत तू मोकळी होशील. मोकळी जागा झाकली आणि एरंडी पातळ करून ठेवली."

"कशानं?"

"तुझी ती झाकायची बाटली संपली होती. मग दुधानं. डेंग्यूच्या प्लेटला आपण दूध पावडरच तर वापरतो. एरंडीही त्यातच..." तो थांबला. रुबीनाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्या लक्षात यायला लागलं. "दूध," तो म्हणाला.

"दूध," रुबीना म्हणाली.

"अरे देवा. दुधातली साखर."

"एरंडीला तू आधीच पोटभर जेवू घातलंस अंकुर. मुठी भरलेल्या. बायांच्या मण्यांना धरणार कशानं?"

अंकुर खुर्चीत बसला. "पाच टक्के केलं होतं," तो क्षीण आवाजात म्हणाला. "नीट तोलून."

"तोलून!" आणि रुबीनाला असं हसू आलं की ते आवरेना. हसता हसता डोळे भरून आले. चार दिवसांची भीती त्या पाण्यातून वाहून जात होती. तिला ओरडायचं होतं, पण कुणी आपल्या तहानेची काळजी केली म्हणून आपलं काम बुडालं, यावर ओरडायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मंजे पावडर प्लेटीनं खाल्ली," देवमन म्हणाला. "मले वाटलंच होतं, मानसाचं काम नाई हे."

तिनं घाई केली नाही. आधी एक छोटी प्लेट लावली, नुसत्या ओळखीच्या नमुन्यांची; अर्धे खळगे दुधानं झाकले, अर्धे दुधाशिवाय. दुधाचे फिके आले. बिनदुधाचे निळेशार. मॅडमनी ती प्लेट पाहिली, रुबीनाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता लाव."

दुसऱ्या दिवशी भांडी तिनं स्वतः धुतली. देवमनला ते आवडलं नाही, पण तो बाजूला उभा राहून ऊन पाणी देत राहिला. झाकायचं खास द्रावण नवीन आलं होतं. अंकुर सगळा दिवस तिच्या टेबलापासून चार हात दूर राहिला, जणू त्याच्या अंगाला दुधाचा वास येत होता. सतरा नंबरच्या नळीत तळाशी उरलेला थेंब तिनं पिपेटच्या टोकानं उचलला. पावसाच्या थेंबाचाही छोटा तुकडा असेल एवढा. एका बाईच्या सातव्या महिन्याचं सगळं सुख आणि तिच्या पाच वर्षांच्या दुखण्याची साक्ष त्या तुकड्यात होती. रुबीनानं तो खळग्यात सोडला. ओठांत नकळत आईची ओवी आली. हात दे माह्या हाती.

शेवटचं पाणी टाकलं तेव्हा इफ्तारला तीन मिनिटं होती. देवमननं बशीत दोन खजूर आणि पेलाभर पाणी आणून ठेवलं. अंकुर मोबाइलवर वेळ धरून उभा होता.

"झालं," तो म्हणाला. "वेळ झाली. खा आधी."

"कोणती वेळ झाली? प्लेटची का रोज्याची?"

"रोज्याची. प्लेटला अजून सात मिनिटं."

तिनं खजूर तोंडात ठेवला. त्या गोडीसोबतच खळग्यांत रंग उतरायला लागला. आधी ओळखीच्या नमुन्यांत, जेवढा हवा तेवढा. रिकामे खळगे काचेसारखे स्वच्छ राहिले. मग एकेक बाई निळी होत गेली. कुणी थोडी, कुणी जास्त. एक तर जवळपास होती तशीच राहिली, कारण सगळ्यांची शरीरं एकसारखी वागत नाहीत. सतरा नंबर हळूहळू गडद होत होता. आकडा आला तेव्हा तो तिसऱ्या महिन्याच्या दीडपट होता.

"दोन-सहा," रुबीना पुटपुटली.

"काय?" अंकुरनं विचारलं.

"काही नाही. गेली."

ईदनंतरच्या रविवारी मायाच्या घरी डोहाळजेवण झालं. अकोल्याच्या डॉक्टरांशी रुबीना आधीच बोलली होती, निकालाचा कागद त्यांच्या सहीनं आला होता. घरात त्रिशरण-पंचशील झालं, मायाला चौरंगावर बसवलं, केसांत फुलांच्या वेण्या माळल्या. गल्लीतल्या बायांनी एकीचा सूर दुसरीनं उचलत गाणं धरलं:

हिरव्या बांगडीची माये, बाळ ऐकते किणकिण,
पोटातून पुसते ते, राहिले वं किती दिन.

कुलसुमबीनं मायाचा हात हातात घेतला. दोन-सहाचा हिरवा चुडा एकेक करून भरला. एकही बांगडी अडली नाही, एकही वाढली नाही. बाया खाण्यापिण्याला आतल्या खोलीत गेल्या तेव्हा रुबीनानं कागद काढून मायाच्या मांडीवर ठेवला. त्यावर दोनच उभे पट्टे होते, एक बुटका, एक उंच.

"हा तिसरा महिना," ती म्हणाली. "हा सातवा."

मायानं उंच पट्ट्यावर बोट ठेवलं. बांगड्या खाली सरकून किणकिणल्या. "मंजे मी..."

"तुझं दुखत होतं माया. आणि आता नाही दुखत. दोन्ही खरं आहे. बाळ आलं आणि तुझ्या रक्तातले शिपाई शांत झाले. सोंगानं हा पट्टा उंच होत नाही."

माया रडली नाही. तिनं फक्त डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला, पाच वर्षं धरून ठेवलेला असावा तसा.

चतुराबाई दारात उभी होती. हातात पुरणपोळ्यांचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं. ताट खाली ठेवून ती आली, कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. तिला वाचता येत होतं, पण त्यात वाचण्यासारखं थोडंच होतं.

"हे तुमच्या मशीननं काढलं?"

"मशीननं आणि एरंडीनं, मावशी."

"एरंडीनं!" चतुराबाईनं कागदाकडे पुन्हा पाहिलं. एरंडी तिच्या कुंपणाला होती, तिचा तिला भरवसा होता. तिनं तो मायाच्या मांडीवर परत ठेवला. मग रुबीनाला विचारलं, मायाकडे न पाहता, "अन् लेकरू झाल्यावर? हा उंच पट्टा राहीन असाच?"

रुबीनाला दवाखान्यातला तो एक शब्द आठवला. या वेळी तिनं घाई केली नाही. "बहुतेक नाही राहणार. पुष्कळ बायांना बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत परत दुखायला लागतं. औषध पुन्हा सुरू करावं लागतं. कधी कधी आधीपेक्षा जास्त दुखतं."

मायानं मान खाली घातली होती. चतुराबाई खाली बसली, कुलसुमबीच्या पेटीजवळ. पेटीचं झाकण तिनं स्वतःच उघडलं.

"कुलसुमबी, एक डझन दोन-आठच्या दे. हिरव्याच दे. अशाच."

"आता? आता तं तिले त्या ढिल्या होतीन."

"आता नाई घालाच्या." चतुराबाई म्हणाली. "माह्या ट्रंकेत ठेवतो. लेकरू झाल्यावर इचे हात सुजतीन तवा ह्या हातातल्या फोडाव्याच लागतीन ना? मंग हात मोकळा कसा ठेवाव बाळंतिनीनं?"

"वाढवायच्या म्हन चतुराबाई, फोडाच्या नाई," कुलसुमबी म्हणाली, आणि दोन-आठच्या बारा बांगड्या दोऱ्यातून सोडवून जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळायला लागली. गाठ तिनं सैल मारली.

चतुराबाईनं ती पुरचुंडी मांडीवर घेतली. मग सुनेचा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतला, बांगड्या मागं सारल्या, आणि बोटांच्या मुळाशी, जिथं गाठी असत, तिथं अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा. जणू तिथं काय होतं ते आता शोधत होती.

"इथी दुखत होतं?"

"हो, आई."

"लय?"

"सकाळी लय."

चतुराबाईनं हात सोडला नाही. बाहेर अनुप कुणाला तरी पाण्यासाठी हाक मारत होता, आतून बाया मायाला बोलावत होत्या.

"घागर मीच भरीन," ती म्हणाली. "सवय झाली आता. तू आपलं लेकरू उचलजो."